दुसऱ्या पानावरची मुलगी

मार्च लागला की देवासच्या हवेत गव्हाचं भुसकट उडायला लागतं. टोंकखुर्दकडच्या रस्त्याला हार्वेस्टर रांगेने उभे दिसतात, वाळत घातलेल्या साड्यांना बारीक कुसळं चिकटतात, आणि दिवसभर डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं वाटतं. मी हिंदीची मास्तरीण. घरात मराठी, भाजीवालीशी मालवी आणि पोटापाण्याला हिंदी, असा आमचा इथला तीन चुलींचा संसार. या दिवसांत माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात आणि मी लाल पेन घेऊन बसते. एक प्रश्न ठरलेला असतो, अमुक कहाणीचा उद्देश लिहा. आणि हुशार असो की ढ, उत्तर सगळ्यांचं एकच. "इस कहानी से हमें शिक्षा मिलती है कि लालच बुरी बला है और अंधविश्वास मनुष्य का शत्रु है." गाइडमधून उचललेलं, काना-मात्रेसकट पाठ. मी बरोबरची खूण करते, मार्क देते आणि पान उलटते.

यंदा मात्र त्या ओळीशी आलं की हात थबकतो, कारण समोरच्या खुर्चीत अनघा बसलेली असते. अनघा माझ्या धाकट्या भावाची, बंडूची मुलगी. माहेर धारचं, लग्न होऊन देवासला आली, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. आठवा महिना लागलाय. संध्याकाळी माझ्याकडे येते, मीठ लावून कैरी खाते आणि मी काय तपासतेय ते वाकून वाकून बघते. परवा तिच्याबरोबर सोनोग्राफीला मीच गेले होते. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, बाळाचे पाय खाली आहेत, अजून वेळ आहे, फिरेल, नाही फिरलं तर ऑपरेशन करू, त्यात काय एवढं. मी हसले. अनघा हसली नाही. रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाली, "आत्या, धारला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण तिचा नवरा साधा, भोळा सांब. सासऱ्यांचा फोन आला तेव्हा त्याने आनंदाने सगळं सांगून टाकलं.

पायाळू म्हणतात आपल्यात. डोकं आधी यायचं ते न येता पाय आधी घेऊन जन्मलेलं मूल. अनघा तशीच जन्मली. पायाळू माणसाने उघड्यावर उभं राहायचं नाही, वीज ओढली जाते. पायाळूचा पाय कमरेला लागला की उसण पळते. आणि तिसरी गोष्ट, जी आमच्याकडे जरा आवाज खाली आणून सांगत, ती अशी की पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतलं धन दिसतं. पहिल्या गोष्टीपायी माझी भावजय सुनंदा आभाळ भरून आलं की पोरीला गच्चीवर जाऊ द्यायची नाही. दुसरीची सगळ्या गल्लीला गंमत होती. शेजारची बाई कंबर धरून दारात यायची, "ए बेटा, जरा पग फेर दे नी, कमर अकड़ी गी." अनघा वही मिटायची, ओसरीवर पालथ्या पडलेल्या बाईच्या कमरेवरून उजवा पाय फिरवायची आणि परत येऊन वही उघडायची. कुणी शेंगदाणे द्यायचं, कुणी पेरू. आम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवायचो. मीही एकदा कमरेला पाय लावून घेतलाय, आणि खरं सांगते, बरं वाटलं होतं. रूढी सुरुवातीला अशीच येते बघा, हातात पेरू घेऊन. तिला घराबाहेर काढावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

ज्या मोसमाबद्दल लिहायला बसलेय तो अनघाच्या बारावीचा. तोही असाच मार्च. धारच्या तळ्याकाठी पळस फुललेला, दुपारी वारा सुटला की दारं आपटायची, आणि अनघा आतल्या खोलीत खिडकीशी पुस्तकं मांडून बसलेली. तिला इंदूरला कॉलेजात जायचं होतं. घरातून बाहेर पडायची तिची तेवढीच वाट होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. शाळा हिंदी, त्यामुळे आमच्या मुलांचं मराठी बोलण्यापुरतं, वाचताना अडखळतात. पण हिंदीचा पेपर माझा, म्हणून मी फोनवरून तिची तयारी करून घ्यायचे.

अभ्यासाला एक कहाणी होती. कहाणी कसली, नेहमीचाच माल. एक पोट सुटलेला सावकार, एक लाल डोळ्यांचा ढोंगी बाबा आणि चिंचेखाली पुरलेला हंडा. बाबा गावातली एक मुलगी आणवतो, तिच्या तळहातावर काजळ फासतो आणि विचारतो, काय दिसतंय. मुलगी चिंचेकडे बोट दाखवते. सावकार खणत सुटतो, वावर खणतो, अंगण खणतो, शेवटी स्वतःच्याच घराचा पाया पोखरतो आणि घर त्याच्या डोक्यावर येतं. हंड्यात निघते माती. मी ही कहाणी इतकी वर्षं शिकवली की झोपेत विचारलं तरी शीर्षकाची सार्थकता सांगितली असती. अनघाने ती एकदा वाचली आणि मला फोनवर विचारलं, "आत्या, ती मुलगी दुसऱ्या पानावर बोट दाखवते. पुढे ती कुठे गेली?"

मी म्हटलं, अगं, कहाणी सावकाराची आहे, तिची नाही. लहान कथेत सगळ्यांना जागा नसते. परीक्षेत हे विचारत नाहीत, तू उद्देश पाठ कर. तिने बरं म्हटलं. ती का विचारत होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. धारच्या घरात त्या आठवड्यात काय चाललं होतं ते मला कुणी कळवलंच नव्हतं.

झालं होतं असं. धारपलीकडच्या मनावर गावात कुणाच्या तरी घराचा पाया खणताना हंडा निघाला, अशी बातमी उठली. कुणाच्या, कुठल्या आळीत, विचारलं तर कुणालाच माहीत नाही, पण हंडा मात्र सगळ्यांनी पाहिलेला. आता माळव्यातलं कुठलंही जुनं मराठी घर घ्या, दरबाराबरोबर आलेलं. त्यांच्याकडे तलवार नसेल, सनद नसेल, पण पुरलेल्या हंड्याची गोष्ट असतेच. आमचे पूर्वज पागेत घोड्यांची चाकरी करणारे, त्यांच्याकडे पुरायला कसलं सोनं डोंबलाचं? पण कुठल्याशा दंगलीच्या दिवसांत कुणीतरी परसात काहीतरी पुरलं, हे आम्ही लहानपणापासून वरणभाताबरोबर ऐकलेलं. बंडू पीथमपूरला कारखान्यात. पगार वेळेवर, घर स्वतःचं, डोक्यावर कसलं ओझं नाही. सकाळी डबा घेऊन बसने जायचा, संध्याकाळी यायचा. असा माणूस. त्याच्या मनात मनावरचा हंडा शिरला आणि मग तिथून हलेना.

आणि कुणीतरी त्याला कुक्षी गावच्या काकांचं नाव सांगितलं, पुरलेलं धन शोधून देतात म्हणून. मी त्यांना नंतर एकदा पाहिलं. कहाणीतल्या बाबासारखे लाल डोळे नाहीत की जटा नाहीत. इस्त्रीचा सफारी, खिशाला पेन, बिनसाखरेचा चहा. आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे झुकावं लागे. ते काही मागत नसत. निघालं तर धर्माला द्या, म्हणत. आम्ही मास्तर लोक पोरांना शिकवतो, ढोंग्याला ओळखायला शिका. कसा ओळखणार हो? त्यांनी अनघाच्या डोक्यावरून हात फिरवला, अभ्यास कसा चाललाय ते विचारलं, आणि मग डबीतलं अंजन तिच्या डोळ्यांत घातलं. परसात उभं करून विचारलं, काय दिसतंय, बेटा?

काही दिसत नाही, ती म्हणाली. मग उद्या पुन्हा घालू, काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. डोळे सुजून लाल झाले, पुस्तकातल्या ओळी हलायला लागल्या. सुनंदा थंड दुधाच्या घड्या ठेवायची आणि रडायची, पण नको म्हणाली नाही. तिला भीती होती की मध्येच सोडलं तर पोरीलाच काहीतरी होईल. मी तिच्यावर अजून चिडते आणि मला तिची कीवही येते. चौथ्या दिवशी अनघाने परसातल्या मोरीमागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. दिसतंय, म्हणाली.

हे सगळं मला कळलं रंगपंचमीच्या सकाळी. पेपर एका दिवसावर आला होता, म्हणून मी देवासहून निघाले, वाटेत इंदूरच्या रंगात बस अडकली, आणि साडीवर कुणीतरी फेकलेला गुलाबी रंग घेऊन धारला पोचले. दार सुनंदाने उघडलं. वन्सं, तुम्ही आज कशा, म्हणाली आणि आत बघत राहिली. मागच्या अंगणातून गैंतीचा आवाज येत होता. गैंती म्हणजे आपली कुदळ, माळव्यात गैंतीच म्हणतात. दिवस त्यांनी हिशेबाने निवडला होता. रंगपंचमीला आमच्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, सगळी गल्ली रस्त्यावर, ढोल आणि डीजे इतका मोठा की शेजारचं घर पडलं तरी कळायचं नाही. त्या दिवशी खणलं तर ऐकायला कुणी नाही.

बंडू खड्ड्यात छातीइतका उतरलेला. कपाळावर माती, चेहरा उजळलेला. इतका आनंदी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्याने मला जुन्या विटा दाखवल्या, गोलाकार रचलेल्या. ताई, बांधकाम लागलंय, तळघराचं तोंड आहे हे. मी वर उभी राहून त्याला वाट्टेल ते बोलले. अकलेचा कांदा म्हणाले, पोरीचे डोळे बघ म्हणाले, उद्या तिचा पेपर आहे म्हणाले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाला, "ताई, तू गोष्टी शिकवतेस. गोष्टीत धन कधीच निघत नाही. निघालं तर तुम्ही मुलांना शिकवणार काय?"

मी पाय आपटत आत आले, अनघाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पुस्तक उघडलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचायचे आणि ती डोळे मिटून ऐकायची. कुठली कहाणी, तर तीच. बाहेर डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. त्यात मधूनमधून गैंती ऐकू यायची. एक घाव, मग दोन श्वासांची शांतता, मग दुसरा घाव. सावकार घराचा पाया पोखरायला लागला तिथवर मी आले होते. अनघाने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, आत्या, थांब. मला वाटलं डोळे दुखतायत. तिला तसं नव्हतं म्हणायचं. गैंतीचा आवाज थांबला होता.

मोरीमागे कधीकाळी जुन्या संडासाचा खड्डा होता. आमच्या वडिलांच्या आधी कुणीतरी तो बुजवला, वर माती सारखी केली आणि विसरून गेलं. विटा त्याच्या होत्या. भुसभुशीत माती कडांसकट आत बसली आणि बंडू कमरेच्या वरपर्यंत गाडला गेला. आम्ही ओरडलो. सुनंदा रस्त्यात जाऊन ओरडली, तर गेरीतल्या लोकांनी तिच्यावर रंग उडवला. त्यांना वाटलं बाई खेळायला आली. किती वेळ गेला देव जाणे. मग चार-पाच जण आत आले, हिरवी, जांभळी, चंदेरी तोंडं, नुसते दात आणि डोळे दिसणारे. त्यांनी त्याला ओढून काढलं. त्यात कोण कोण होतं हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या हातांचा रंग बंडूच्या सदऱ्यावर उतरला होता आणि पायाचं रक्त त्यातून वेगळं ओळखू येत नव्हतं.

जीव वाचला. पाय वाचला म्हणायचा, पण आखूड झाला. कारखान्याने समजूतदारपणे त्याला गेटवर बसायचं काम दिलं.

अनघा दुसऱ्या दिवशी पेपरला गेली. मीच घेऊन गेले, सुजलेल्या डोळ्यांवर गॉगल लावून. संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर बसून मी विचारलं, त्या कहाणीवर काही आलं होतं का. उद्देश आला होता, म्हणाली. मग काय लिहिलंस? "गाइडमध्ये होतं तसंच लिहिलं, आत्या. पूर्ण मार्क मिळतील." आणि मिळाले असणार, कारण निकाल चांगला लागला, ती इंदूरला गेली.

तो कोपराच का दाखवलास, हे मी तिला खूप नंतर विचारलं. ती म्हणाली, काही दिसत नाही म्हटलं की पुन्हा अंजन घालायचे. काहीतरी दाखवणं भाग होतं. परसात बाकी सगळीकडे मुरूम, कडक. मोरीमागची माती मऊ होती. बाबांना कमी खणावं लागेल असं वाटलं.

त्यानंतर मी ती कहाणी पुष्कळदा शिकवली, पण पहिल्यासारखी नाही. लेखकाला दोष देत नाही. लहान कथेचा जीव केवढा, तिने किती जणांना सांभाळायचं? पण लोभ दाखवायचा म्हटला की कथा त्याला पोट लावते, ढोंग दाखवायचं म्हटलं की दाढी लावते. वाचणारा स्वतःच्या सपाट पोटाकडे आणि गुळगुळीत गालांकडे बघून निश्चिंत होतो. मग शेवटी घर पडतं, पाप्याला शिक्षा होते, पुस्तक मिटतं. आमच्या घरी लोभ डबा घेऊन कामावर जायचा आणि येताना लेकीसाठी गरम कचोरी आणायचा. घर पडलंच नाही. आणि शिक्षा झाली म्हणावं, तर ती शिक्षा आहे असं कुणाला वाटलं तर ना!

हेच मला सगळ्यात जास्त घाबरवतं. खड्डा ढासळला, माणूस आयुष्यभराचा लंगडा झाला, तर शहाणपण यावं की नाही? उलट गल्लीत बोलणं सुरू झालं की धन जागं आहे, राखणदार आहे, म्हणून तर त्याने पाय घेतला. काही नसतं तर कशाला घेतला असता? कुक्षीच्या काकांनी भेटायला येऊन त्याच मऊ आवाजात सांगितलं, जागा बरोबर होती, वेळ चुकली. बंडू उशीला टेकून ऐकत होता आणि मान हलवत होता. अनघा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका कंबर दुखली तरी तिच्याकडे यायच्या बंद झाल्या. तिच्या पायांकडे मात्र बघायच्या.

मग हळूहळू विषय निघेनासा झाला. लग्न झालं, ती देवासला आली, टेकडीवर देवीला जायला लागली, भाजीवालीशी हुज्जत घालायला लागली. मला वाटलं, सुटली पोरगी. दुसऱ्या पानावरून उतरून आपल्या पायांनी निघून गेली.

काल संध्याकाळी फोन वाजला. माझे हात लाल शाईने भरलेले, म्हणून मी स्पीकरवर टाकला. बंडू होता. आधी माझी तब्येत विचारली, मग धारला ऊन किती वाढलंय ते सांगितलं. मग विचारलं, "ताई, बाळ पायाळूच आहे ना?"

मी म्हटलं, डॉक्टर म्हणतात फिरेल. आणि नाही फिरलं तर ऑपरेशन आहे, पोटातून काढलेलं मूल कसलं रे पायाळू?

"मी विचारून ठेवलंय. पोटातून काढलं तरी पाय आधी निघाले तर चालतं."

कुणाला विचारलंस, हे विचारायची गरज नव्हती. अनघाच्या हातात कैरीची फोड तशीच होती. बंडू बोलत राहिला, अगदी प्रेमाने, नातवंडाबद्दल आजोबा बोलतात तसा. म्हणाला, मोरीमागचा खड्डा मी बुजवला नाहीये, वर पत्रा टाकून ठेवलाय. पावसाळ्यात पाणी जाऊ देत नाही आत. पोर मोठं होईतो थांबू की. घाई तेव्हा केली, तीच चूक झाली.

अनघाने माझ्यासमोरून फोन ओढून घेतला. तिचा आवाज अजिबात हलला नाही.

"बाबा, बाळ फिरलं. आज सकाळीच बघितलं. डोकं खाली आहे."

खोटं. त्या सकाळी ती इथे माझ्याबरोबर डाळ वाळत घालत होती. बरं झालं, बंडू म्हणाला. पण ते बरं झालं म्हणणाऱ्या माणसासारखं नव्हतं. मग म्हणाला, तरी आम्ही येतोच आधीपासून. आई येईल, मी येईन, दाराशी बसून राहीन. काकाही येतो म्हणालेत, तान्ह्याला बघायला.

फोन बंद झाला. बाहेर कुणाच्या तरी शेतात काड जाळत असणार, धूर खिडकीपर्यंत आला होता. मी उठून खिडकी लावली. उत्तरपत्रिका उघडीच होती, लालच बुरी बला है, आणि मार्क द्यायचे राहिले होते. अनघाने कैरी बशीत ठेवली, दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले आणि पदराखाली झाकले.

"आत्या," ती म्हणाली, "त्या दवाखान्याला मागून दार आहे का गं?"

आहे, मी म्हटलं. परवाच बघून ठेवलंय.